०.६ सेकंदांचं जग : ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’विषयी वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन फँटसी खेळांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’बद्दल होती. म्हणून यावेळचं सदर पूर्णपणे या एकाच खेळाला दिलं आहे. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

‘रूनस्केप’ नावाचे दोन खेळ दिसतात. दोन्ही एकाच कंपनीचे. मग फरक काय, आणि नवीन माणसाने कुठला धरावा? — कोल्हापूर

अँड्र्यू गोवर यांनी आपले भाऊ पॉल आणि इयन यांच्या साथीने मूळ ‘रूनस्केप’ ४ जानेवारी २००१ रोजी इंग्लंडमध्ये सुरू केलं. ब्राउझरमध्ये चालणारा जावातला खेळ, इन्स्टॉल काहीच करायचं नाही, त्यामुळे शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटरवरही तो चाले. २००४ मध्ये त्याचं इंजिन नव्याने लिहिलं गेलं. केंब्रिजची जॅगेक्स ही कंपनी तो चालवते. नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची पद्धतच बदलली : साध्या क्लिकच्या जागी कौशल्यांच्या बटणांची पट्टी आली. जुन्या खेळाडूंना ते अजिबात रुचलं नाही. कंपनीकडे ऑगस्ट २००७ चा एक संपूर्ण बॅकअप शिल्लक होता. तो पुन्हा चालू करावा का, यावर मतदान घेतलं गेलं, चार लाखांवर मतं पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘ओल्ड स्कूल’ वेगळा खेळ म्हणून उघडला.

त्यानंतर ‘ओल्ड स्कूल’ २००७ मध्ये गोठून राहिलेला नाही. नवीन प्रदेश, नवीन राक्षस येत असतात, पण मोठी भर घालण्याआधी खेळाडूंचा कौल घेतात. आधी ७५ टक्के होकार लागत असे, आता ७० टक्के लागतो. २०१९ मध्ये ‘वॉर्डिंग’ नावाचं नवं स्किल (पात्राने सरावाने वाढवायचं कसब) याच मतदानात पडलं. २०२३ मध्ये तीन पर्यायांतून ‘सेलिंग’ निवडलं गेलं आणि २०२५ मध्ये ते खेळात आलं. नवशिक्याने ‘ओल्ड स्कूल’ घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या लॅपटॉपवर चालतो, २०१८ पासून फोनवरही आहे, तेच खातं दोन्हीकडे वापरता येतं. आणि यातली लढाई गणिताने समजून घेता येते, हे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं.

माझं इंटरनेट चांगलं आहे, तरी क्लिक केल्यावर पात्र जरा थांबून हलतं. कधी लगेच, कधी उशिरा. सेटिंगमध्ये काय बदलू? — नाशिक

काहीच बदलू नका, कारण बिघाड नाही. या खेळाचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदाच जगाचा हिशेब करतो. या ठोक्याला ‘टिक’ म्हणतात. तुमची क्लिक सर्व्हरपर्यंत पोहोचली तरी पुढच्या टिकपर्यंत ती रांगेत थांबते. एसटी सुटण्याच्या दहा मिनिटं आधी येऊन बसा नाहीतर धावत येऊन शेवटच्या क्षणी चढा, गाडी सुटते एकाच वेळी. तसंच इथे.

आता आकडे पाहा. समजा तुमचा पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंद आहे. क्लिक जायला १००, टिकसाठी थांबणं ० ते ६००, उत्तर परत यायला १००. म्हणजे पडद्यावर परिणाम २०० ते ८०० मिलिसेकंदांत केव्हाही दिसेल, सरासरी ५००. पिंग ५० असेल तर हीच मर्यादा ५० ते ६५० होते. सरासरीतला फरक फक्त १५० मिलिसेकंद. म्हणून लाकूड तोडणं, मासे पकडणं, साधे राक्षस मारणं यांसाठी पिंगची काळजी करण्यात अर्थ नाही. त्रास होतो तो पिंग डळमळीत असला की : आता १५०, लगेच ९००. मग तुम्ही अचूक वेळी केलेली क्लिक एक टिक उशिरा धरली जाते आणि त्याचं कारण पडद्यावर कुठे दिसत नाही. मोबाइल डेटावर हे जास्त होतं. घरच्या वायफायवर राउटरजवळ बसा, त्याच वेळी मोठी डाउनलोड चालू ठेवू नका. जॅगेक्सची परवानगी असलेल्या ‘रूनलाइट’ या क्लायंटमध्ये (खेळ चालवायच्या प्रोग्रॅममध्ये) ‘वर्ल्ड हॉपर’ सुरू केलं की प्रत्येक वर्ल्डचा, म्हणजे खेळाच्या वेगवेगळ्या सर्व्हरचा, पिंग यादीत दिसतो. सगळ्यात कमी आकड्याच्या मागे न लागता, पाच मिनिटं स्थिर राहणारा आकडा निवडा.

या टिकवर खेळातलं जवळजवळ सगळं बेतलेलं आहे. चालताना एका टिकला एक चौकोन, धावताना दोन. सिमिटर तलवार ४ टिकांनी वार करते (२.४ सेकंद), लाँगस्वोर्ड ५ टिकांनी, दोन हातांची तलवार ७ टिकांनी. खाल्लं की पुढचा वार ३ टिक लांबतो. एवढे आकडे डोक्यात राहिले की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

अटॅक आणि स्ट्रेंग्थ दोन्ही ४० झाले. रून धातूची सिमिटर घ्यावी की लाँगस्वोर्ड? लाँगस्वोर्डचे आकडे जास्त आहेत. आणि वार करण्याची शैली ‘अॅक्युरेट’ ठेवू की ‘अॅग्रेसिव्ह’? — पुणे

सिमिटर, आणि ‘अॅग्रेसिव्ह’. कारण मांडून दाखवतो.

कमाल मार काढण्याची रीत अशी : स्ट्रेंग्थची लेव्हल, अधिक ‘अॅग्रेसिव्ह’चे ३, अधिक ठरलेले ८. तुमचे झाले ५१. त्याला शस्त्राचा स्ट्रेंग्थ बोनस अधिक ६४ यांनी गुणा, ३२० मिळवा, ६४० ने भागा, अपूर्णांक सोडा. सिमिटरचा बोनस ४४ : ५१ गुणिले १०८ म्हणजे ५५०८, त्यात ३२०, भागिले ६४०, उत्तर ९.१, म्हणजे ९. लाँगस्वोर्डचा बोनस ४९ : उत्तर ९.५, म्हणजे तेही ९! जास्तीचे पाच गुण अपूर्णांकात वाहून गेले. सिमिटर मात्र मिनिटाला २५ वार करते आणि लाँगस्वोर्ड २०. निवडीचा प्रश्नच उरत नाही.

अचूकतेचं गणितही असंच. अटॅकची लेव्हल, अधिक ‘अॅक्युरेट’चे ३ (ती शैली असेल तर), अधिक ८, गुणिले शस्त्राचा अचूकता बोनस अधिक ६४. समोरच्याचा बचाव : डिफेन्स लेव्हल अधिक ९, गुणिले त्याचा बचाव बोनस अधिक ६४. डिफेन्स २६ आणि बोनस शून्य असलेल्या राक्षसाचा बचाव २२४० येतो. सिमिटरचा अचूकता बोनस ४५. तुमचा आकडा ‘अॅक्युरेट’वर ५५५९, ‘अॅग्रेसिव्ह’वर ५२३२. यातून वार लागण्याची शक्यता अनुक्रमे सुमारे ८० आणि ७८.६ टक्के निघते. सव्वा टक्का अचूकतेसाठी कमाल मार ९ वरून ८ वर आणायचा, हा तोट्याचा सौदा आहे. अटॅक वाढवायचा असेल तेव्हाच ‘अॅक्युरेट’ लावा, कारण एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) शैलीप्रमाणे जातो : लागलेल्या माराच्या प्रत्येक गुणामागे ४.

एक बारकावा जाता जाता. स्ट्रेंग्थ ४० ला ‘अॅम्युलेट ऑफ स्ट्रेंग्थ’ (बोनस १०) घातलंत तरी कमाल मार ९ च राहतो, उत्तर ९.९ येतं. ४१ झालात की त्याच माळेने १० होतो. वस्तू विकत घेण्याआधी हे एका ओळीचं गणित कागदावर करा. खेळातले कितीतरी पैसे असे अपूर्णांकावर खर्च होतात.

मेंबरशिप (पैसे भरून मिळणारा पूर्ण खेळ) नुकतीच घेतली. लेव्हल २ चे गॉब्लिन मारत बसायचा कंटाळा येतो. लवकर लेव्हल ३० गाठण्याचा सरळ मार्ग आहे का? — मडगाव

आहे. ‘वॉटरफॉल क्वेस्ट’ ही मोहीम. ती पुरी केली की अटॅक आणि स्ट्रेंग्थ दोन्हींत १३,७५० एक्सपी मिळतो. लेव्हल ३० ला १३,३६३ लागतो, म्हणजे दोन्ही स्किल्स १ वरून थेट ३० वर. साध्या गॉब्लिनचं आयुष्य ५ गुणांचं, एकामागे २० एक्सपी; एका स्किलसाठी साडेसहाशेहून जास्त गॉब्लिन मारावे लागले असते. या क्वेस्टला लढाईची कुठलीही अट नाही, एकही शत्रू मारावा लागत नाही. फक्त मोठ्या राक्षसांच्या बाजूने पळावं लागतं.

आधी जमवा : दोर १, रून म्हणजे जादूचे छोटे दगड (एअर रून ६, अर्थ रून ६, वॉटर रून ६), आणि परवडेल ते चांगलं अन्न. रून बँकेत राहू द्या, ते शेवटी लागतात.

धबधब्याजवळच्या घरात अल्मेरा भेटते, तिथून क्वेस्ट सुरू होते. घरामागच्या तराफ्यावरून जाऊन तिच्या मुलाशी, हडनशी बोला. मग खालच्या पर्यटन कार्यालयात वरच्या मजल्यावर कपाटातलं बॅक्स्टोरियनचं पुस्तक घ्या आणि ते उघडून वाचा. नुसतं जवळ ठेवून पुढचा टप्पा सुरू होत नाही, इथे पुष्कळ जण अडकतात. नंतर ट्री ग्नोम व्हिलेजच्या भुलभुलैयातून तळघरात उतरा, खोक्यातून किल्ली शोधा आणि गोलरीला सोडवा. त्याच्याकडून ग्लॅरियलचा खडा मिळतो.

पुढची पायरी ग्लॅरियलची कबर. खडा कबरीच्या दगडावर वापरायचा. शस्त्र, चिलखत किंवा रून यांपैकी एकही गोष्ट जवळ असेल तर आत सोडत नाहीत. म्हणून आधी बँकेत सगळं ठेवा आणि फक्त खडा व अन्न घेऊन निघा. आत ४२ लेव्हलचे मॉस जायंट अंगावर येतात. थांबू नका, पळण्याची ताकद पूर्ण भरलेली असतानाच शिरा. पेटीतून माळ आणि शवपेटीतून अस्थिकलश घ्या.

आता बँकेतून दोर आणि १८ रून घ्या, पाच जागा मोकळ्या ठेवा, माळ गळ्यात घाला. तराफा, मग दोर खडकावर, मग दोर वाळक्या झाडावर. दोर न वापरता पोहायला गेलात तर प्रवाह खाली वाहून नेतो. गळ्यात माळ नसताना दार उघडलं तरी तेच होतं. आत पूर्वेकडच्या खोलीतल्या खोक्यातून किल्ली घ्या आणि पश्चिमेची दारं उघडा. वाटेत ८६ लेव्हलचे फायर जायंट आहेत. लेव्हल १० च्या आसपासचं पात्र त्यांच्या दोन-तीन फटक्यांत संपतं, त्यामुळे आयुष्य भरलेलं असतानाच ही धाव घ्या.

शेवटच्या खोलीत सहा खांब. प्रत्येकावर तिन्ही प्रकारचा एकेक रून. मग माळ पुतळ्यावर वापरा, जमीन वर येईल. यानंतर चषकावर कलश ‘वापरायचा’. चषकावर नुसती क्लिक करून खजिना उचलायला गेलात तर खोलीत पाणी भरतं, तुम्ही बाहेर फेकले जाता आणि फायर जायंटच्या बाजूने पुन्हा यावं लागतं. मेलातच तर वस्तू १५ मिनिटं कबरीत राहतात, तिथे परत जाऊन घेता येतात.

फाइट केव्ह या लढाईच्या गुहेत शेवटच्या, ६३ व्या फेरीपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या ‘जाड’ नावाच्या राक्षसासमोर प्रत्येक वेळी मरतो. मोबाइलवर खेळतो. — सोलापूर

६३ व्या फेरीला पोहोचलात म्हणजे तुमचं सामान पुरेसं आहे. चूक बहुधा क्रमाची आहे. जाडचा एक फटका ९७ पर्यंत जातो, पण योग्य प्रार्थना (त्या प्रकारचा मार अडवणारं संरक्षण) चालू असेल तर शून्य. तो ८ टिकांनी, म्हणजे ४.८ सेकंदांनी हल्ला करतो. मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय लोंबकळत ठेवले की जादू. पुढचे पाय जमिनीवर आपटले की बाण-दगडांचा हल्ला. डोळे फक्त त्याच्या पुढच्या पायांवर ठेवा. अगदी लगत उभे राहिलात तर तो तिसऱ्या प्रकारे, हाताने मारू शकतो. म्हणून दोन-चार चौकोन लांब राहा. दोनच पर्याय उरतात.

क्रम असा ठेवा : हालचाल दिसली, प्रार्थना बदलली, मगच अन्न किंवा औषध, मगच वार. आयुष्य कमी झालं की घाबरून आधी खायला जातात आणि प्रार्थनेची वेळ निघून जाते. मोबाइलवर प्रार्थना आणि बॅग या दोन पट्ट्यांत बोट फिरवण्यात एखादा टिक सहज जातो. जाडच्या वेळी प्रार्थनेची पट्टी उघडीच ठेवा, खायचं असेल तेव्हा एका हल्ल्यानंतर लगेच उघडून परत या. आवाज चालू ठेवा.

जाडचं आयुष्य निम्म्यावर आलं की चार उपचारक येतात. त्यांना मारायची गरज नाही. प्रत्येकाला एकेक फटका द्या, ते जाडला सोडून तुमच्या मागे लागतात, आणि त्यांचा मार जाडच्या मानाने किरकोळ असतो. दुर्लक्ष केलं आणि जाड पुन्हा पूर्ण भरला तर पुढच्या वेळी निम्म्यावर उपचारक परत हजर. या गुहेत मेलात तर वस्तू जात नाहीत, त्यामुळे सराव बिनधास्त करा.

राक्षसाकडून एक वस्तू मिळण्याचं प्रमाण ५१२ ला १ लिहिलं आहे. मी ६०० राक्षस मारले, मिळाली नाही. खेळात गडबड आहे का? — ठाणे

नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो, मागचे ६०० मोजले जात नाहीत. ५१२ राक्षसांनंतरही सुमारे ३७ टक्के लोक रिकाम्या हाताने असतात, १०२४ नंतर साडेतेरा टक्के, १५३६ नंतर ५ टक्के. वस्तूचा बाजारभाव परवडत असेल तर पैसे कमावून विकत घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

लेव्हल ९२ झाली, ९९ जवळ आली ना? — जळगाव

अर्धी वाट झाली आहे! ९२ ला ६५,१७,२५३ एक्सपी लागतो, ९९ ला १,३०,३४,४३१. दर सात लेव्हलला लागणारा एक्सपी साधारण दुप्पट होतो. ज्या क्वेस्ट किंवा वस्तूसाठी ७० पुरते, तिथे ७० ला थांबा. ७० म्हणजे फक्त ७,३७,६२७.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. ‘गेममधलं सोनं’ बाहेरून स्वस्तात मिळतं, पैसे द्या म्हणतो. द्यावेत का? — छत्रपती संभाजीनगर

देऊ नका. बाहेरच्या विक्रेत्याकडून सोनं घेणं नियमाविरुद्ध आहे आणि खातं कायमचं बंद होऊ शकतं. ही कीड खेळाने फार महागात भोगली आहे. चोरीच्या कार्डांवर मेंबरशिप घेऊन चालणारा हा धंदा मोडण्यासाठी डिसेंबर २००७ मध्ये मूळ ‘रूनस्केप’मध्ये खेळाडूंमधली मुक्त देवघेवच बंद केली गेली. २०११ मध्ये ती परत आली, तोवर कितीतरी खेळाडू निघून गेले होते. अधिकृत मार्ग एकच, ‘बाँड’. तो कंपनीकडून घेऊन खेळातल्या बाजारात, म्हणजे ग्रँड एक्स्चेंजवर विकता येतो. खेळातल्या सोन्याने घेतलेला एक बाँड १४ दिवसांची मेंबरशिप देतो. सुरुवातीला तर काहीच खर्च नको; फुकट भागात १५ स्किल्स आहेत.

त्यापेक्षा त्याच्याजवळ बसून तीन गोष्टी करून घ्या : खात्याला ऑथेंटिकेटर (लॉगिनवेळी फोनवरचा कोड मागणारं कुलूप), बँकेला चार आकडी पिन, आणि ईमेलला वेगळा पासवर्ड. त्याला एवढं समजावा, की ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणारा प्रत्येक जण फसवतो. देवघेवीचा दुसरा पडदा पूर्ण वाचल्याशिवाय मान्य करायचा नाही, कारण पहिल्या पडद्यावर वस्तू शेवटच्या क्षणी बदलली जाते. आणि अनोळखी माणसासोबत विल्डरनेसमध्ये (जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकतात त्या प्रदेशात) महागडं सामान घालून जायचं नाही. ग्रँड एक्स्चेंजवर विकताना २ टक्के कर कापला जातो, हेही नफा मोजताना धरायला शिकवा.

आम्ही कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आहोत. असाच चौकोनांवर चालणारा, पन्नास खेळाडूंचा छोटा ऑनलाइन खेळ प्रोजेक्ट म्हणून करायचा आहे. सुरुवात कुठून करावी? — सांगली

टिकपासूनच करा. नकाशा, चित्रं, कथा नंतर. सर्व्हरवर एक लूप, दर ६०० मिलिसेकंदांनी, त्यात क्रम पक्का : आलेल्या क्लिक वाचा, मग राक्षसांची पाळी, मग खेळाडूंची, शेवटी जवळपासचे बदल प्रत्येकाला पाठवा. दोन खेळाडूंनी एकाच टिकात एकच वस्तू उचलली तर आधी ज्याची पाळी त्याला मिळेल. तीच व्यक्ती कायम पहिली राहू नये म्हणून पाळीचा क्रम मधूनमधून बदला. ‘रूनस्केप’ही तसंच करतं.

हमखास होणारी चूक म्हणजे काम संपल्यावर ६०० मिलिसेकंद झोपणं. काम ४० मिलिसेकंदांचं असेल तर टिक ६४० चा होतो आणि तासाला ६००० ऐवजी ५६२५ टिक होतात. पुढच्या टिकची वेळ आधीच्या ठरलेल्या वेळेत ६०० मिळवून काढा आणि उरलेला वेळच झोपा.

क्लायंटवर कशासाठीही भरवसा ठेवू नका. त्याने फक्त ‘या चौकोनावर क्लिक केली’ एवढंच सांगावं. ‘मी ९ मार दिला’ असा संदेश स्वीकारणारा सर्व्हर पहिल्याच आठवड्यात लुटला जातो. बँडविड्थची धास्ती नको : प्रत्येकाला इतर ४९ जणांचे ८ बाइट पाठवलेत तरी एका टिकला ३९२ बाइट, सगळ्यांचे मिळून सेकंदाला सुमारे ३३ किलोबाइट. देवघेवीत दोघांच्या बॅगा एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. एकाची बॅग जतन झाली आणि दुसऱ्याची होण्याआधी सर्व्हर पडला, तर वस्तू दोन होतात किंवा नाहीशी होते.

क्वेस्ट आणि संवाद मूळ कोडमध्ये कोंबू नका. जॅगेक्सने त्यासाठी ‘रूनस्क्रिप्ट’ ही आपली वेगळी स्क्रिप्टिंग भाषा बनवली, त्यामुळे आशय लिहिणाऱ्याला इंजिनला हात लावावा लागत नाही. तुम्हाला साधी टेक्स्ट फाइल वाचणारा दुभाषा पुरेल.

आणि जून २००६ मधली, ‘रूनस्केप’मधल्या फालाडोर शहरातली घटना अभ्यासा. खेळाडूंना स्वतःचं घर बांधू देणारं स्किल नुकतंच आलं होतं. एका घरातल्या लढाईच्या रिंगणात असलेल्या पाहुण्यांना यजमानाने एकदम बाहेर काढलं, तेव्हा काही जणांची ‘हल्ला करण्याची परवानगी’ त्यांच्यासोबतच बाहेर आली. ज्या शहरात कुणी कुणाला मारू शकत नाही तिथे ते इतरांना मारत सुटले, आणि बिचाऱ्यांना उलट वार करता येत नव्हता. रिंगणातून बाहेर पडण्याची एक वाट परवानगी पुसायला चुकली होती. म्हणून अशी परवानगी खेळाडूवर खूण करून साठवू नका. प्रत्येक हल्ल्याच्या वेळी तो कुठे उभा आहे ते पाहून नव्याने ठरवा. प्रोजेक्ट दाखवण्याआधी रिंगणातून बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा तपासा : चालत, मरून, टेलिपोर्टने, हाकलल्याने, लॉगआउटने, आणि लढाई चालू असताना नेटवर्कची वायर उपसून.